काडी आडवी केल्यावर: ठाण्याच्या गच्चीवरील सुवासिक गुलाब

गुलाबाच्या निगेविषयी आपल्याकडे जी माहिती सहज मिळते, ती बहुतांशी हायब्रिड टी वर्गातील गुलाब डोळ्यांसमोर ठेवून दिलेली असते. पाऊस ओसरला की ऑक्टोबरात झाड गुडघ्याच्या उंचीवर छाटायचे, बाहेरच्या बाजूला वळलेल्या डोळ्याच्या, म्हणजे पानाच्या बगलेतील कोंबाच्या, किंचित वर तिरपा काप द्यायचा, कापावर बोर्डो पेस्ट हा बुरशीनाशक लेप लावायचा आणि साधारण सहा-सात आठवड्यांनी लांब देठाच्या एकेकट्या फुलांची वाट पाहायची, असा तो क्रम असतो. त्या गुलाबांसाठी तो योग्यच आहे. मात्र जुन्या वळणाचे, झुडपासारखे वाढणारे आणि मुख्यतः सुवासासाठी लावले जाणारे गुलाब याच पद्धतीने वाढवले, तर ते दर वर्षी पुन्हा शून्यापासून सुरुवात करतात आणि त्यांची बहुतेक शक्ती कापलेल्या काड्या पुन्हा उभ्या करण्यातच खर्च होते. ठाण्यात नौपाड्यातील आमच्या इमारतीच्या गच्चीवर मी गेली काही वर्षे असे गुलाब वाढवत आहे. भरपूर फुले येण्यासाठी कात्रीपेक्षा सुतळी अधिक उपयोगी पडते, म्हणजेच काडी कापण्याऐवजी ती वाकवून बांधावी, हा माझा या वर्षांतील अनुभव आहे आणि तो मी येथे तपशिलाने मांडत आहे.

प्रथम वाणांविषयी सांगते, कारण ठाण्याच्या हवेत सुवासिक गुलाब लावायचा म्हटले की निम्मे यशापयश वाणाच्या निवडीतच ठरून जाते. अत्तरासाठी प्रसिद्ध असलेला दमास्क गुलाब, ज्याला उत्तरेत चैती गुलाब म्हणतात आणि ज्याची शेती पुष्कर आणि अलिगढ-हसायन भागात होते, तो माझ्या यादीत सर्वांत आधी होता. परंतु त्याला हिवाळ्यातील खऱ्या थंडीची गरज असते, आणि ती मिळाल्यावरही तो वर्षातून एकदाच, वसंतात फुलतो. खाडीकाठच्या आपल्या दमट आणि उबदार हवेत त्याला हवी तेवढी थंडी कधीच मिळत नाही. त्यामुळे दमास्कचे रक्त असलेला, पण पुन्हा पुन्हा फुलणारा गुलाब शोधणे भाग होते, आणि तो शोध एडवर्ड गुलाबापाशी येऊन थांबला. हिंदी महासागरातील बूर्बाँ बेटावर, म्हणजे आजच्या रियुनियनवर, शेताच्या कुंपणाला दमास्क आणि चिनी असे दोन्ही गुलाब शेजारी शेजारी लावत असत. त्यांच्या नैसर्गिक संकरातून निपजलेले हे झाड तेथे १८१७ च्या सुमारास वनस्पतितज्ज्ञांच्या नजरेस आले, आणि त्यातून पुढे बूर्बाँ गुलाबांचा सगळा वर्ग विकसित झाला. दमास्ककडून सुवास आणि चिनी गुलाबाकडून वर्षभर फुलण्याची सवय, असा दुहेरी वारसा या झाडाकडे आहे. दक्षिणेत पन्नीर गुलाब म्हणून हाच लावला जातो, आणि आपल्याकडे रोपवाटिकांत गावठी गुलाब या नावाखाली जी गुलाबी, सैल पाकळ्यांची, गोड वासाची रोपे मिळतात, त्यांत एडवर्ड बऱ्याचदा सापडतो.

दुसरा वाण मी निवडला तो ग्रुस आन टेप्लिट्झ. ऑस्ट्रिया-हंगेरीतील रुडोल्फ गेश्विंड या संकरकाराचा हा गुलाब १८९७ चा असून त्याची फुले गडद किरमिजी, मान टाकलेली आणि लवंगेची आठवण करून देणाऱ्या तिखटसर वासाची असतात. उष्ण हवेत तो कुरकुर करत नाही, म्हणून भारतात तो आजही टिकून आहे. डॉ. बी. पी. पाल यांनी १९६२ मध्ये दिलेला रोझ शरबत हाही सुवासिक आणि आपल्या हवेत रुळलेला वाण आहे, पण तो फ्लोरिबंडा वर्गातील असल्याने बुटका वाढतो आणि त्याच्या काड्या वाकवण्याइतक्या लांब होत नाहीत. त्याची छाटणी मी नेहमीच्याच पद्धतीने करते, त्यामुळे या लेखात त्याचा उल्लेख एवढ्यावरच थांबवते.

घोडबंदर रस्त्यावरच्या एका रोपवाटिकेतून एडवर्ड घेताना तेथील माळीदादांनी स्वतःहून जे सांगितले, ते नंतर फार उपयोगी पडले. “ताई, हा डोळा भरलेला नाही, काडीचा आहे. खालून कुठूनही फुटवा आला तरी तो याचाच असेल, उपटू नका,” असे ते म्हणाले. डोळा भरलेल्या कलमात जोडाच्या खालून येणारा फुटवा खुंटाचा, म्हणजे जंगली गुलाबाचा असतो आणि तो मुळापासून काढावा लागतो, अन्यथा वरचे कलम उपाशी राहते. काडीपासून वाढवलेल्या रोपात तो धोका नसतो आणि जमिनीतून येणारा प्रत्येक जाड, तांबूस फुटवा हे पुढच्या दोन-तीन वर्षांचे भांडवल ठरते. माझे ग्रुस आन टेप्लिट्झ मात्र कलम होते, म्हणून त्याचा जोड मी मातीच्या वर उघडा ठेवला, म्हणजे फुटवा कोठून निघाला हे लगेच दिसते.

गच्चीवर लागवड करायची म्हटल्यावर वजनाचा विचार आधी करावा लागतो. आम्ही कुंड्या गच्चीच्या मधोमध न ठेवता कठड्यालगत, खाली भिंत आणि तुळई असलेल्या कडेने ठेवल्या आणि त्या विटांवर उचलून घेतल्या, जेणेकरून खालून पाणी वाहून जाईल आणि स्लॅबवर ओल धरणार नाही. निळ्या प्लास्टिकच्या ड्रमचे आडवे दोन भाग करून प्रत्येकाच्या तळाला आणि बुडालगतच्या बाजूंना भोके पाडली. झुडपी गुलाबाची मुळे पसरत जाणारी असतात, त्यामुळे बारा इंची कुंडीत तो जगतो खरा, पण लांब काड्या देत नाही, आणि काड्या नसतील तर वाकवायचे काय, हा प्रश्न उरतो. मातीत दोन भाग लाल माती, एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत आणि एक भाग भाताचे तूस असे मिश्रण केले, आणि त्यात निंबोळी पेंड आणि हाडांचा चुरा मिसळला. कोकोपीट मी मुद्दाम टाळले, कारण ते पाणी धरून ठेवते आणि ठाण्यात जून ते सप्टेंबर या काळात पाणी धरून ठेवणाऱ्या कशाचीही गुलाबाला गरज नसते. शहापूर-मुरबाडकडच्या भातगिरण्यांतून तूस सहज मिळते, आणि ते मातीत मिसळले की माती दीर्घकाळ मोकळी राहते.

पहिल्या पावसाळ्यात एडवर्डने उंची गाठली. तळातून निघालेल्या काड्या छातीच्याही वर गेल्या, त्यांना पाने भरपूर आली, पण फुलांचा झुबका प्रत्येक काडीच्या अगदी टोकाशी एकच येत असे, आणि तोही इतक्या उंचावर की वास घ्यायला काडी खाली ओढावी लागे. काडीच्या उरलेल्या संपूर्ण लांबीवर, प्रत्येक पानाच्या बगलेत, एकेक डोळा निजलेला दिसत होता. झाड निरोगी होते, ऊन पुरेसे होते आणि खतही कमी नव्हते. कमतरता होती ती या डोळ्यांना जागे करणाऱ्या कारणाची.

ते कारण मला मावळात दिसले. तळेगाव दाभाडे परिसरात पॉलिहाउसमधील गुलाबशेती मोठ्या प्रमाणावर होते आणि आमच्या नात्यातील एका कुटुंबाचे तेथे शेत आहे. त्यांच्याकडे गेले असता पॉलिहाउसमध्ये काम करणाऱ्या एक मावशी वाफ्यावरून चालता चालता बारीक काड्या एका हाताने धरून बुडाशी पिरगाळत होत्या आणि वाफ्याच्या कडेला आडव्या पाडत होत्या. सगळेजण त्याला ‘बेंडिंग’ असेच म्हणतात.

“मावशी, काडी मोडत नाही का अशाने?” मी विचारले.

“थोडी कडकली तरी चालतंय ताई, साल सुटता कामा नये. पानं हिरवी ऱ्हायली पाहिजेत, तीच खालच्या फुटव्याला पोसतात,” त्या म्हणाल्या आणि पुढच्या झाडाकडे वळल्या.

पॉलिहाउसमधील बेंडिंगचा हेतू माझ्या हेतूपेक्षा वेगळा आहे, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. तेथे अशक्त आणि फूल न देणाऱ्या काड्या आडव्या केल्या जातात, त्या पानांच्या रूपाने अन्न तयार करत राहतात, आणि त्या अन्नावर बुडातून एकच जाड, सरळ, लांब देठाची काडी येते, कारण बाजारात भाव देठाच्या लांबीला मिळतो. मला लांब देठ नको होते. मला हवी होती ती सबंध काडीभर फुले. म्हणून मी अशक्त काड्यांऐवजी सर्वांत सशक्त काड्या वाकवायच्या आणि बुडाशी न पिरगाळता त्यांना संपूर्ण लांबीत हळूहळू कमानीसारखे वळवायचे, असे ठरवले. जुन्या युरोपीय बागांतही अशा लांब काड्या जमिनीलगत वाकवून खुंट्यांना बांधण्याची रीत होती, त्यामुळे ही युक्ती काही नवी नाही. आपल्याकडे ती झुडपी गुलाबांसाठी फारशी वापरली जात नाही, इतकेच.

यामागचे शास्त्र समजून घेतल्यावर हाताला अधिक खात्री येते. उभ्या काडीच्या शेंड्यात ऑक्सिन नावाचे संप्रेरक तयार होते आणि ते काडीतून खालच्या दिशेने वाहत जाते. त्याचा प्रवाह चालू असेपर्यंत खालचे डोळे फुटत नाहीत. शिवाय वाढता शेंडा झाडातील साखर स्वतःकडे ओढून घेतो. गुलाबाच्याच काड्यांवर झालेल्या प्रयोगांत असे दिसून आले आहे की डोळ्याला पुरेशी साखर मिळाली तर तो फुटतो. काडी आडवी केली की शेंड्याचे हे वर्चस्व ढिले पडते आणि काडीच्या वरच्या अंगाचे डोळे एकामागून एक फुगू लागतात. काडी छाटली तरीही शेंडा जातो, हे खरे आहे. पण मग कापाच्या लगतचे दोन-तीनच डोळे फुटतात, आणि त्यांतला सर्वांत वरचा पुन्हा शेंडा होऊन बसतो.

आता प्रत्यक्ष कृतीविषयी. मुंबई परिसरातून मोसमी पाऊस माघारी फिरण्याची सर्वसाधारण तारीख ८ ऑक्टोबर मानली जाते आणि मी सुतळी हाती घेते ती त्यानंतरच, कारण भिजत्या पावसात काडीला पडलेली बारीकशी चीरसुद्धा शेंड्याकडून खाली वाळत येणाऱ्या रोगाला, म्हणजे डायबॅकला, वाट करून देते. आधी सफाई होते. वाळलेल्या काड्या, एकमेकींवर घासणाऱ्या काड्या आणि पेन्सिलीपेक्षा बारीक काटक्या बुडातून काढून टाकते. सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, प्रत्येक झाडानंतर स्पिरिटने पुसते. काळे ठिपके पडलेली पाने हाताने खुडते आणि निरोगी पाने तशीच ठेवते. मुख्य काड्यांना मात्र हात लावत नाही. त्यांचा फक्त कोवळा, वितीएवढा शेंडा खुडते.

काडीची निवड हा यातील सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. त्या पावसाळ्यात निघालेली, सालीवर अजून हिरवेपणा असलेली, पण नख दाबल्यावर पाणी न सुटणारी काडी सर्वांत चांगली वळते. फार कोवळी काडी वाकवताना मान मोडून पडते आणि दोन वर्षांहून जुनी, करडी झालेली काडी मधोमध तडकते. दुपारनंतर, उन्हाने काडीतील पाण्याचा ताण थोडा उतरलेला असताना, काम सोपे होते. डावा हात बुडाशी ठेवून अंगठा काडीच्या आतल्या बाजूला टेकवायचा, उजव्या हाताने वरचा भाग थोडा खाली आणायचा, मग अंगठा वीतभर वर सरकवून पुन्हा थोडे वळण द्यायचे, अशा रीतीने वळण एका जागी न पडता सगळ्या लांबीवर वाटले जाते. चामड्याचे हातमोजे घातले तरी अंगठ्याला सालीखालच्या तंतूंचा ताण जाणवतो. ‘कट’ असा अगदी बारीक आवाज आला, की तेथेच थांबायचे, त्या स्थितीत सुतळीने बांधून ठेवायचे आणि उरलेले वळण आठवडाभराने द्यायचे. घाईने एकाच दिवशी आडवी केलेली काडी आणि सवडीने दोन-तीन टप्प्यांत आणलेली काडी यांच्या फुलांत मोठा फरक पडतो, कारण दुसरीतील रसवाहिन्या शाबूत राहतात.

बांधण्यासाठी मी ड्रमच्या काठाखाली जीआय तारेचे एक कडे पक्के केले आहे. एडवर्डच्या काड्या चहूबाजूंना कमानी करून त्यांची टोके या कड्याला सुतळीने बांधते. सुतळीचा फास इंग्रजी आठच्या आकड्यासारखा घ्यावा, म्हणजे काडी आणि तार यांच्यामध्ये सुतळीचा थर राहतो आणि वाऱ्याने साल घासली जात नाही. प्लास्टिकची दोरी किंवा उघडी तार वापरू नये, कारण काडी जाड होते आणि दोरी सालीत रुतते. कमानीचा उंच बिंदू कोठे ठेवायचा याकडे विशेष लक्ष द्यावे लागते. काडी चटकन वर जाऊन मग सरळ खाली पडली, तर त्या उंच वळणावरचा एकच डोळा जोरात फुटून उभी, लांब फांदी देतो आणि त्यापलीकडचा, खाली झुकलेला भाग सुस्त राहतो. कमान पसरट हवी. काडीचा बराचसा भाग आडवा किंवा किंचित चढता असला, तर डोळे सारखे फुटतात. ग्रुस आन टेप्लिट्झच्या काड्या अधिक ताठ असतात, म्हणून त्यांच्यासाठी कठड्यालगत दोन बांबू उभे करून त्यांत आडव्या तारा ताणल्या आहेत. त्यावर काड्या पंख्यासारख्या पसरून बांधते, खालच्या जवळजवळ आडव्या आणि वरच्या तिरप्या.

आमच्याच सोसायटीतील एक काका अनेक वर्षे हायब्रिड टी गुलाब वाढवतात आणि त्यांचा हात खरोखर चांगला आहे. माझी बांधाबांध पाहून ते म्हणाले, “अहो वहिनी, न छाटता गुलाब फुलेल कसा?” मी त्यांना सांगितले, “काका, छाटायचे आहेच, पण मुख्य काडी नाही. तिच्यावर बाजूने येणारी फूट छाटायची.” हा फरक एकदा लक्षात आला, की पुढचा सगळा क्रम आपोआप जुळतो. मुख्य काडी हा सांगाडा असतो आणि तो दोन-तीन वर्षे टिकवायचा असतो. फुले येतात ती त्या सांगाड्यावर उभ्या राहणाऱ्या, वीत-दीड वीत उंचीच्या बाजूच्या फुटव्यांवर. एक बहर संपला की त्या फुटव्यांवर खालून दोन-तीन डोळे ठेवून वरचा भाग काढायचा. त्या डोळ्यांतून पुन्हा फूट येते आणि तिच्या टोकाला पुन्हा कळ्या धरतात.

बांधणीनंतर दहाएक दिवसांत काडीच्या वरच्या अंगाला डोळे तांबूस होऊन फुगलेले दिसतात, आणि नोव्हेंबरच्या उत्तरार्धात पहिला बहर येतो. पूर्वी जेथे एका काडीला टोकाशी एकच झुबका येत असे, तेथे आता त्याच काडीवर दर दुसऱ्या-तिसऱ्या पेरापासून एकेक फुटवा उभा राहतो आणि सगळे फुटवे पंगतीत बसल्यासारखे एका ओळीत फुलतात. प्रत्येक फूल आकाराने किंचित लहान असते, हे सांगितले पाहिजे. प्रदर्शनात एकच भव्य फूल मांडण्याची ज्यांना हौस आहे, त्यांनी ही पद्धत वापरू नये. पण ज्यांना पूजेला, वेणीला, गुलकंदाला किंवा केवळ सुवासासाठी फुले हवी आहेत, त्यांना याहून चांगला मार्ग मला तरी दिसलेला नाही. सुकलेले फूल झाडावर ठेवले तर झाड बीज धरण्याच्या मागे लागते, म्हणून पाकळ्या गळू लागताच फूल पाच पर्णिकांच्या पहिल्या चांगल्या पानापर्यंत खुडते. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत साधारण दीड महिन्याच्या अंतराने बहर येत राहतात, आणि एडवर्डला मधल्या काळातही तुरळक फुले असतातच.

खताबद्दल थोडक्यात सांगते. बांधणीच्या वेळी वरची दोन इंच माती मोकळी करून शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड घालते, आणि प्रत्येक बहरानंतर भुईमुगाच्या पेंडीचे आंबवलेले पाणी दहापट पातळ करून देते. कळ्या दिसू लागल्या की नत्र थांबवून पालाश द्यावा. नत्राचा अतिरेक झाला की वाकवलेल्या काडीवरचेही डोळे फुलांऐवजी नुसती पाने देतात आणि त्या लुसलुशीत पानांवर मावा तुटून पडतो. माव्यासाठी कडुनिंबाचे तेल आणि थोडा साबण पुरेसा होतो. पाकळ्या खाण्यासाठी वापरायच्या असल्याने रासायनिक कीटकनाशक मी वापरत नाही.

खरी कसोटी पावसाळ्यात लागते. ठाण्यात चार महिन्यांत दोन हजार मिलीमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि काळ्या ठिपक्यांच्या बुरशीचे बीजाणू रुजायला पान सलग सात तास ओले राहिले तरी पुरते. अशा हवेत हा रोग येणारच नाही असे कोणी म्हणत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. आपल्या हाती असते ते त्याचा वेग कमी करणे. बुरशी गळून पडलेल्या रोगट पानांवरून शिंतोड्यांबरोबर खालच्या पानांवर चढते, म्हणून जूनच्या आरंभी कुंडीतील मातीवर वाळलेल्या पानांचा जाड थर घालते, जमिनीपासून हातभर उंचीपर्यंतची पाने काढून टाकते आणि गळलेले प्रत्येक पान त्याच दिवशी उचलते. काड्या मोकळ्या पसरून बांधलेल्या असल्यामुळे झाडाच्या आत वारा खेळतो आणि पाऊस थांबल्यावर पाने लवकर सुकतात, हा बांधणीचा आणखी एक फायदा मला नंतर उमगला. एडवर्डची पाने ऑगस्टपर्यंत अर्ध्याहून अधिक गळतात. ग्रुस आन टेप्लिट्झ तुलनेने बरा तग धरतो. दोघेही सप्टेंबरात तळातून नवे फुटवे काढतात आणि तेच पुढच्या वर्षीच्या काड्या होतात. या फुटव्यांना त्या काळात वाकवायचे नाही, केवळ वाऱ्याने उन्मळू नयेत म्हणून बांबूला सैल टेकवून उभे वाढू द्यायचे.

ज्या सुवासासाठी हा सगळा खटाटोप, त्याविषयी जरा सविस्तर लिहिणे आवश्यक वाटते. जांभळी नाक्याच्या बाजारात मिळणारे लांब देठाचे गुलाब नाकाशी धरले तर बहुधा काहीच जाणवत नाही. फूलदाणीत अधिक दिवस टिकणे आणि वाहतुकीत न चुरगळणे या गुणांसाठी झालेल्या निवडीत सुवास मागे पडत गेला. २०१५ मध्ये फ्रेंच संशोधकांनी सुवासिक आणि वासहीन अशा दोन गुलाबांची तुलना करून जेरॅनिऑलसारखे सुगंधी घटक तयार होण्यात एका विशिष्ट विकराचा (एन्झाइमचा) निर्णायक वाटा असल्याचे दाखवले. ज्या गुलाबात ते विकर सक्रिय नाही, त्याला कितीही खत घातले तरी तो सुवास येणार नाही. म्हणून सुवास हवा असेल तर तो वाण निवडतानाच निवडावा लागतो. निगेने फुलांची संख्या वाढते, वासाचा प्रकार बदलत नाही.

असे असले तरी वास किती जाणवतो हे वेळेवर आणि हवेवर पुष्कळ अवलंबून असते. अत्तरासाठी फुले पहाटे तोडतात याचे कारण गच्चीवर रोज अनुभवास येते. डिसेंबरात सकाळी सातच्या सुमारास, फूल अर्धे उमललेले आणि पाकळ्यांवर दव असताना, एडवर्डचा वास कठड्यापासून दहा पावलांवरही येतो. अकरा वाजता तेच फूल नाकाशी धरावे लागते, कारण सुगंधी द्रव्ये उन्हाने उडून गेलेली असतात. ग्रुस आन टेप्लिट्झचा वास मात्र दुपारीही बऱ्यापैकी टिकतो. गुलाबाच्या वासातील फिनाइल इथेनॉल हा मधुर घटक पाण्यात विरघळतो, त्यामुळे ऊर्ध्वपातनात त्याचा मोठा भाग तेलाबरोबर न जाता पाण्यात उतरतो, आणि चांगल्या गुलाबपाण्याला ताज्या फुलाच्या इतका जवळचा वास येतो तो त्यामुळे. घरी गुलकंद करतानाही मी पाकळ्या सकाळीच काढते आणि न धुता, केवळ झटकून, खडीसाखरेबरोबर बरणीत थर लावते. फवारणी केलेली नसल्यामुळेच हे शक्य होते.

एप्रिल-मेमध्ये या झाडांकडून काही अपेक्षा ठेवू नये. फुले लहान येतात, एका दिवसात झडतात आणि पानांच्या खालच्या बाजूला लाल कोळी जाळी विणतो. सकाळी पाण्याचा जोरदार फवारा पानांच्या खालून मारला की कोळ्याची संख्या आटोक्यात राहते. मी या काळात कळ्या खुडून टाकते, पन्नास टक्के सावलीची जाळी बांधते आणि पाणी सकाळ-संध्याकाळ देते.

वाकवलेली काडी कायम फुलत राहत नाही, हेही ध्यानात ठेवावे. दुसऱ्या वर्षी तिचा बहर सर्वांत दाट असतो, तिसऱ्या वर्षापासून फुटवे आखूड होतात आणि साल खरबरीत होते. अशी काडी ऑक्टोबरात बुडापासून काढून त्या जागी त्या वर्षीचा नवा फुटवा बांधायचा. सगळ्या काड्या एकदम बदलू नयेत, दर वर्षी साधारण एक तृतीयांश बदलाव्यात, म्हणजे झाड सतत तरुण राहते आणि एकाही वर्षी बहर चुकत नाही.

काढलेल्या जुन्या काड्यांचा उपयोग नसतो, पण जुलै-ऑगस्टमध्ये एडवर्डच्या चालू वर्षाच्या अर्धपक्व काड्या सहज मूळ धरतात. पेन्सिलीएवढ्या जाडीचा वीतभर तुकडा, खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली, वरची दोनच पाने ठेवून, तुसाने मोकळ्या केलेल्या मातीत दोन डोळे पुरतील असा खोचायचा आणि सावलीत ठेवायचा. हवेतील दमटपणा बाकीचे काम करतो. महिना-दीड महिन्यात हलकेच ओढल्यावर काडी मातीला धरून असल्याचे जाणवते. अशी काही रोपे तयार झाल्यावर सोसायटीच्या परवानगीने ती आम्ही आवाराच्या पूर्वेकडील भिंतीलगतच्या पट्ट्यात, प्रत्येकी चार-चार फुटांवर लावली. तेथे कुंडीची मर्यादा नसल्याने काड्या अधिक लांब निघाल्या असून यंदाच्या ऑक्टोबरात त्या भिंतीवर ताणलेल्या तारांना आडव्या बांधायच्या आहेत. तारांमध्ये दीड फुटाचे अंतर ठेवले आहे, आणि सर्वांत खालची तार जमिनीपासून दोन फुटांवर घेतली आहे, म्हणजे पावसात मातीचे शिंतोडे तेथवर पोहोचणार नाहीत.